पुंजाची सावड

१

मखमलाबादच्या अलीकडे, कालव्याच्या अंगाला कुंदनचा फुलमळा आहे. गुलाब, झेंडू, थोडी शेवंती आणि बांधाला निशिगंध. फुलवाल्यांचा दिवस उलटा असतो. जग झोपेत असताना डोक्याला बॅटरी बांधून तोडा करायचा, उजाडायच्या आत गड्ड्या बांधून कॅरेट भरायचे, आणि मग सुवर्णानं, म्हणजे कुंदनच्या बायकोनं, शेजाऱ्यांच्या टेम्पोतून फुलबाजार गाठायचा. मागं राहिलेल्या कुंदननं आठ वर्षांच्या वेदिकाची वेणी घालायची, डबा भरायचा, तिला शाळेच्या रिक्षात बसवायचं. त्याची वेणी मधल्या सुट्टीपर्यंत काही टिकत नसे. वेदिका संध्याकाळी सुटलेले केस दाखवून त्याची थट्टा करी, आणि दुसऱ्या दिवशी परत त्याच्याच पुढ्यात येऊन बसे.

बारापर्यंत मळ्यातली किरकोळ कामं, मग जेवण, आणि एक ते तीन अख्खा मळा झोपतो. कुत्रंसुद्धा. त्या दोन तासांत कुंदन वरच्या खोलीत जाऊन अवकाशातलं जहाज चालवायचा.

हसू नका. गावातले निम्मे लोक त्याच वेळेला पारावर पत्ते कुटतात, त्यांना कोणी हसत नाही. हा इंटरनेटवरचा खेळ होता, कुठल्या कुठल्या देशांतले लोक खेळायचे. प्रत्येकाचं एक जहाज, अशा शंभरेक जहाजांचा ताफा, आणि ताफा निघालेला कुठंतरी लांब. लढाईबिढाई फार नाही. काम म्हणजे हजेरी. रोज दोन तास जहाजावर बसायचं, यंत्रं बघायची, दिशा धरायची. त्या तासांच्या बदल्यात जहाज सजवायला मिळे. रंगाला सहा तास, आतल्या दिव्याला दहा, एका खिडकीला चाळीस. दुसरा रस्ता नाही. आणि सलग तीन दिवस चुकले, की ताफा तुमचं जहाज मोडीत काढणार.

चौदा महिने कुंदन एक दिवस चुकला नव्हता. त्याचं जहाज लाल होतं, त्यावर पिवळा पट्टा, हुबेहूब त्याच्या ट्रॅक्टरसारखं. नाकाडाला सुट्या भागांतून जुळवलेली लिंबू-मिरची. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर जे नाव रंगवलं होतं तेच जहाजावर: वेदिका. आत चार खिडक्या, म्हणजे एकशेसाठ तास. सुवर्णा एकदा वर आली, सगळं बघितलं आणि म्हणाली की एवढ्या वेळात घराला एखादी खरी खिडकी बसली असती. तिचं खोटं नव्हतं. जिन्यातल्या खिडकीला दोन वर्षं प्लास्टिक ठोकलेलं होतं.

कुंदन तेवढ्यापुरता हसला आणि पडद्याकडं वळला. त्याला वाईट वाटायला हवं होतं, हे त्याला समजत होतं. पण अलीकडं समजणं आणि वाटणं यांत त्याचं अंतर पडत चाललं होतं. वरच्या खोलीत कसं, काही वाटून घ्यावं लागत नसे.

२

डिसेंबरात सुवर्णाच्या भावाचं, ललितचं लग्न निघालं. कळवणला, चार दिवस. कॉम्प्युटर काही लग्नघरी नेता येत नव्हता. नेला असता तर सुवर्णानं तो विहिरीत टाकला असता, आणि वऱ्हाडानं तिला हात दिला असता. चार दिवस म्हणजे जहाज मोडीत. कुंदननं ताफ्याच्या गप्पांच्या खिडकीत मोडक्या इंग्रजीत आपली अडचण लिहिली. कोणी सहानुभूती दाखवली, कोणी नियम सांगितला. मग खाली देवनागरीत एक ओळ उमटली.

"जा तू लग्नाला. मी धरतो तुझी पाळी."

नाव होतं पुंजा. कुंदनला मजा वाटली. पुंजा हे आज्याच्या पिढीतलं नाव, आता ते कोणी ठेवत नाही. असेल घोटीकडचं किंवा सुरगाण्याकडचं कोणी पोरगं, आजोबाचं नाव लावून खेळणारं. त्यानं पुंजाचं जहाज शोधलं. ताफ्याच्या अगदी शेपटाला होतं. राखाडी, रंग नाही, नाव नाही, एकसुद्धा वस्तू घेतलेली नाही. पण तासांचा आकडा एवढा लांब, की चौकटीबाहेर जाऊन अर्धा कापला गेला होता. एवढे तास घालून माणसानं काहीच का घेतलं नसावं, असं एकदा मनात आलं. असतात असे चिक्कू, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं.

बदल्यात काय, असं त्यानं विचारलं. पुंजानं लिहिलं, "काही नाय. सावड करू. दिवसाला दिवस."

हा शब्द वाचला आणि कुंदनची सगळी भीड गेली. सावड म्हणजे काय, तर तू आज माझ्या रानात ये, उद्या मी तुझ्या रानात येतो. पैसे नाहीत, कागद नाही. आलेल्या माणसाला पोटभर जेवू घालायचं आणि त्याचा दिवस दिवसानं फेडायचा. कुंदनच्या लहानपणी त्यांची सगळी लागवड अशीच व्हायची. लिहूनपढून केलेले करार लोक मोडतात, सावड मोडलेली त्यानं पाहिली नव्हती. शहरातल्या कुण्या पोरानं पासवर्ड मागितला असता तर त्यानं दिला नसता. सावडीच्या माणसाला त्यानं तो लगेच दिला.

३

लग्न छान झालं. कुंदन नाचला, वाढपात राबला, सुवर्णा चार दिवस त्याच्यावर खूश होती. पाचव्या दिवशी दुपारी एकला तो वरच्या खोलीत आला.

जहाज जागेवर होतं. चारही दिवस हजेरी लागलेली, आणि काम बघून कुंदन चाटच पडला. त्यानं महिनाभर लांबणीवर टाकलेली दुरुस्ती झाली होती. यंत्रखोलीतला पसारा आवरलेला. दिवा पुसल्यासारखा लख्ख. फक्त एक गोष्ट खटकत होती आणि ती कोणती हे कळायला त्याला पाच-दहा मिनिटं लागली.

पडदा नेहमीपेक्षा जवळ वाटत होता. समोरचा सुकाणूचा दांडा छातीशी आल्यासारखा. त्यानं जहाजाच्या खुर्चीची मांडणी उघडून पाहिली. खुर्ची एक खाच पुढं सरकवलेली होती.

ट्रॅक्टरवाल्याला हे सांगावं लागत नाही. आपल्या सीटवर दुसरं कोणी बसून गेलं की बूड टेकताक्षणी कळतं. पण ते ट्रॅक्टरवर. खेळातल्या खुर्चीनं कुणाच्या पायाला काय फरक पडणार? कुंदननं ती मागं घेतली. मग सहज म्हणून स्वतःच्या खुर्चीकडं, म्हणजे खऱ्या, प्लास्टिकच्या खुर्चीकडं पाहिलं. तीसुद्धा टेबलाच्या रोजच्यापेक्षा जवळ होती. घर चार दिवस बंद होतं, किल्ली त्याच्या खिशात होती. निघताना आपणच ढकलली असेल, असं त्यानं ठरवलं.

पुंजाचा निरोप येऊन पडला होता. "माझे चार दिवस शनिवारी संपतील असे दे. बुधवारी ये."

४

पुंजाच्या जहाजात काही म्हणजे काहीच नव्हतं. एक खोली, एक खुर्ची, एक बंद खिडकी. यंत्रांचा घुमारासुद्धा नाही. करण्यासारखं कामही नाही. बसायचं, एवढंच. कुंदन हेडफोन घालून बसला.

दहाएक मिनिटांनी त्याला कप ठेवल्याचा आवाज आला. मग ओट्यावर पाणी सांडल्याचा. मग खोकला, दोनदा बारीक आणि एकदा मोठा. असा त्याची आई खोकते. सिंधुबाई खालच्या पडवीत बाजेवर पडलेली असते या वेळेला. खालचे आवाज वर येतायत, त्यात काय एवढं. तो ऐकत राहिला. बाज करकरली. कोणीतरी मोरीतला ड्रम सरकवला.

मग त्यानं डोकं खाजवायला हेडफोन काढला आणि सगळं बंद झालं. खाली सामसूम. बाज नाही, खोकला नाही, काही नाही. त्यानं हेडफोन परत कानाला लावला. आई कोणाशी तरी बोलत होती, नेहमीच्या कुरकुरीच्या सुरात, आणि ऐकणारा मध्ये मध्ये हुंकार देत होता.

माइक उघडा राहिला असेल. घरातलाच आवाज फिरून कानात येत असेल. मग हेडफोन काढल्यावर का येत नाही, हा प्रश्न त्यानं मुद्दाम विचारला नाही.

दोन तास भरल्याची खूण उमटली तेव्हा तो उठला. जिना उतरून येतो तर बाहेर ऊन कललेलं, पावणेसहा झालेले. पडवीत सुवर्णा हार गुंफत होती. तिचा चेहरा उजळला. शेवंतीची सगळी रोपं लावून झाली, तीही ओळीत, एवढी सरळ की दोरी धरल्यागत, तुम्हीच लावलीत ना एकट्यानं, असं तिनं विचारलं. रोपं आठ दिवस सावलीत पडून होती आणि त्यावरून दोनदा वाजलं होतं.

कुंदनला आधी वाटलं ती टोमणा मारतेय. मग त्यानं पडवीतून पाहिलं. वाफ्यात रोपं लागलेली होती. मातीला पाणी दिलेलं होतं. मजूर आज कोणी येणार नव्हता. आई बाजेवरून कौतुकानं त्याच्याकडं बघत होती.

खरं सांगायचं तर म्हणावं लागलं असतं, मी वर बसलो होतो, पावणेपाच तास. त्यापेक्षा सोपं होतं ते तो बोलला.

"हो," तो म्हणाला. "म्हटलं उरकून टाकावं."

एवढंच. इथं तुम्ही-आम्ही असतो तरी हेच केलं असतं.

५

गुरुवारी त्यानं काळजी घेतली. चपला वर नेल्या आणि टेबलाखाली ठेवल्या. दाराला आतून कडी लावली. मोबाइलवर तीनचा गजर लावला.

हेडफोनमध्ये आज घर जास्त जवळ होतं. जिन्यात हातोडीचे ठोके पडत होते. काच सरकवल्याचा आवाज, मग किंचित शीळ. कुंदनला शीळ वाजवता येते, पण कामात वाजवायची सवय नाही. पुंजाच्या जहाजात एक बदल झालेला त्याला दिसला. भिंतीला एक खुंटी आली होती. साधी लाकडी, खाली रंगाचा पोपडा निघालेला. पडवीत त्याची टोपी टांगतात ती अशीच आहे. लाकडी खुंट्या सगळ्या सारख्याच दिसतात म्हणा.

गजर झाला असेल तर त्याला ऐकू आला नाही. कडी काढून तो खाली निघाला, आणि जिन्याच्या वळणावर थांबला. प्लास्टिक गेलं होतं. तिथं काचेची खिडकी होती, नीट बसवलेली, कडेला ओलं सिमेंट. त्यातून संध्याकाळचा उजेड पायऱ्यांवर पडला होता. त्यानं खाली पाहिलं. त्याच्या पायांत चपला होत्या आणि त्यांच्या तळाला सिमेंट लागलेलं होतं.

मी खाली येऊन हे करून गेलो आणि विसरलो, असं होऊ शकतं का? माणसं झोपेत चालतात. तो पायरीवर बसून यावर विचार करू लागला, पण विचाराला जोर येईना. भीती कुठंतरी होती, पण शेजारच्या मळ्यातल्या मोटारीसारखी, चालू आहे एवढंच कळावं अशी.

जेवायला बसला तर सुवर्णा बघतच राहिली. "अहो, आत्ताच तर जेवलात. दोन भाकरी जास्त मागून घेतल्यात."

त्याच्या पोटात दुपारपासून अन्न गेलं नव्हतं. सुवर्णा खिडकीबद्दल बोलू लागली, किती दिवसांनी जिन्यात उजेड आला म्हणाली, आणि बोलता बोलता तिचा आवाज भरून आला. दोन वर्षं म्हणत होते, शेवटी तुम्ही मनावर घेतलंत. तिला असं बोलताना कुंदननं कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. त्यानं मान डोलावली. बरं झालं ना, असं विचारलं.

शुक्रवारी सकाळी वेदिका वेणीला बसली नाही. पडवीत आली ती केस बांधूनच, दोन घट्ट, गुळगुळीत वेण्या, रिबिनीची फुलं सारखी. पप्पांनी घातल्या, असं ती आजीला सांगत होती. कुंदन तेव्हा नुकता तोड्यावरून येऊन हात धूत होता.

तिनं आपली वेणी चाचपून पाहिली. "पप्पा, आज दुखलं नाही," ती म्हणाली. मग दप्तर उचलता उचलता म्हणाली, "पण तुम्ही काही बोलला नाहीत आज."

६

शनिवारी दुपारी दोनला तिच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. छोट्याशा नाटकात ती सूर्य झाली होती. वाक्य एकच होतं: "उठा, मी आले." महिनाभर तिनं घरात त्याची तालीम चालवलेली. कुंदननं बाजेवर घोरत पडायचं, तिनं वाक्य म्हणायचं आणि त्यानं धडपडून उठायचं. ती हसून लोळायची. त्यावरूनच दोघांचं ठरलं होतं, ती स्टेजवरून वाक्य म्हणेल तेव्हा प्रेक्षकांतून कुंदननं उभं राहायचं. फक्त त्यानं. आईला सांगायचं नाही. मागच्या वर्षी तो संमेलनाला गेलाच नव्हता, एका खिडकीचे शेवटचे तास भरायचे होते.  या वेळी मात्र तिनं त्याचा हात धरून वचन घेतलं होतं.

शुक्रवारी पुंजाच्या जहाजात तो तिसरा दिवस भरायला बसला आणि आल्या आल्या त्यानं लिहिलं की उद्याचा चौथा दिवस रविवारी देतो. उद्या मुलीच्या शाळेत जायचंय.

 हेडफोनमध्ये कोणी तरी गुलाबाच्या गड्ड्या बांधत होतं, कागदाची सळसळ, दोरा तुटल्याचा आवाज. मग अक्षरं उमटली.

"चौथा कसला. तू तीन दिले. मी तीन केले. तुझे चार अजून तसेच हायेत."

मी तुला कधी बोलावलं, असं कुंदननं लिहिलं. बोटं शांत होती. त्याचंच त्याला नवल वाटलं.

"बायकोनं विचारलं, तुम्ही केलं का. तू हो म्हणाला. काम पदरात घेतलं. जेवूही घातलं."

कुंदन त्या ओळीकडं पाहत राहिला. नियम त्याला पाठ होता. सांगून आलेला असो की न सांगता, ज्याचं काम आपण आपलं म्हणून घेतलं त्याचा दिवस आपल्या डोक्यावर चढतो. भावकीतल्या एकानं न सांगता लावून दिलेल्या चार ओळींसाठी कुंदनच्या आजोबांनी एकदा त्याच्याकडं भर तापात दिवस भरला होता, आणि घरात ते अभिमानानं सांगत. इतक्या साध्या गोष्टीत आपण अडकू, हे शिकलेल्या माणसाच्याही लक्षात आलं नसतं. शिकलेल्या माणसानं मुळात पासवर्डच दिला नसता म्हणा.

तू आहेस तरी कोण, हे विचारायचं त्याच्या मनात होतं. त्यानं ते लिहिलंही. मग पाठवण्याआधी खोडून टाकलं. उत्तर आलं असतं तर काय केलं असतं?

खाली आला तेव्हा त्यानं सुवर्णाला सांगायचा प्रयत्न केला. या गड्ड्या मी बांधल्या नाहीत, असं तो स्पष्ट म्हणाला. रोपंसुद्धा नाही, खिडकीसुद्धा नाही. सुवर्णानं हातातलं काम ठेवलं, त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग हळूच म्हणाली की तीन दिवस किती छान चाललेत, आता चेष्टा करून नासवू नका. तिच्या बोटांना गुलाबाच्या पानांचा वास होता. तिच्या डोळ्यांत विनवणी होती, आणि ती त्याला नव्हती. ज्यानं खिडकी बसवली त्याला होती.

वेदिका दारात उभी राहून ऐकत होती. "उद्या येणार ना?" तिनं विचारलं.

"येणार," कुंदन म्हणाला.

७

शनिवारी त्याचं पक्कं होतं, बसायचंच नाही. सुवर्णा आणि आई वेदिकाला घेऊन साडेबारालाच पुढं गेल्या. निळा शर्ट इस्त्री करून पलंगावर ठेवलेला होता. मोटारसायकलवर शाळा दहा मिनिटं.

एकला तो वर गेला ते फक्त सांगायला, की आज नाही. सावडीच्या माणसाला न कळवता दांडी मारत नाहीत. शिवाय लाल जहाजाची किल्ली अजून त्या माणसाकडं होती. चौदा महिने होते त्यात. पाऊण तास बसू, पावणेदोनला उठू, असा त्यानं हिशोब केला. माणूस स्वतःला फसवतो तेव्हा घड्याळ अगदी काटेकोर लावतो.

पुंजाच्या जहाजात आता पडवी होती. खुंटी, त्यावर टोपी, कोपऱ्यात पालथे घातलेले कॅरेट. बाजेला आईची गोधडी. सगळं राखाडी, रंग तेवढे भरायचे राहिल्यासारखे. तासांचा तो लांबलचक आकडा कुठं खर्च होतोय, हे कुंदनच्या आता ध्यानात आलं. तो खुर्चीत बसला. हेडफोनमध्ये पलंगावरचा शर्ट उचलल्याचा आवाज झाला. गुंड्या लावल्या जात होत्या, एक एक, सावकाश. मग चपलांचा आवाज, दाराची कडी, आणि खाली मोटारसायकल चालू झाली.

हेडफोन काढला तर खाली शांत असेल, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं काढला नाही. खोलीच्या खिडकीतून वाकून पाहिलं असतं तर मोटारसायकल जागेवर आहे की नाही तेही दिसलं असतं. ती खिडकी दोन पावलांवर होती. जिना होता, दार होतं, कडी आज लावलेलीसुद्धा नव्हती. उठायला कोणाचीच ना नव्हती. पण गेलो, आणि मांडवात निळ्या शर्टाच्या शेजारी निळा शर्ट उभा राहिला, तर सुवर्णा कोणाकडं बघेल? हा प्रश्न पडला आणि तो बसून राहिला. ती कोणाकडं बघेल ते काल संध्याकाळी त्यानं पाहिलं होतं.

पडद्यावरची बंद खिडकी उघडली.

आत आधी नुसता उजेड होता. मग मांडवाचं लाल-पिवळं कापड, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा, माणसांची डोकी. तिसऱ्या रांगेत सुवर्णाचा अंबाडा, त्यात त्यांच्याच मळ्यातली शेवंती. तिच्या शेजारी आईचा पदर. आणि त्या पलीकडं निळ्या शर्टाची पाठ. कुंदननं त्या मानेकडं निरखून पाहिलं. आपली मान माणसानं कधी पाहिलेली नसते, त्यामुळं ओळख पटेना. कान थोडे वर होते की काय. की खांदेच खाली होते.

स्टेजवर पोरं पडून घोरत होती. पिवळा कागद चिकटवलेला मुकुट घालून वेदिका मागून पुढं आली. वेण्या घट्ट होत्या. तिनं प्रेक्षकांवरून नजर फिरवली, शोधत, आणि ती थांबली. क्षणभर तिचं तोंड उघडं राहिलं, शब्द न फुटता. कुंदनला वाटलं, ओळखलं तिनं. आता ती रडेल, पळेल, काहीतरी करेल.  किती तरी दिवसांनी त्याला काही वाटलं, आणि ते एवढं जोरात की तो खुर्चीच्या कडेवर आला.

"उठा," वेदिका म्हणाली. हेडफोनमधून, अगदी कानाशी. "मी आले."

तिसऱ्या रांगेत निळा शर्ट उभा राहिला.

लोक हसले, कोणी तरी टाळी वाजवली. वेदिका उभ्या राहिलेल्या माणसाकडं बघत होती. मग तीही हसली, आधी थोडं आणि मग सगळं तोंड भरून. उभा माणूस टाळ्या वाजवता वाजवता मागं वळू लागला, कोणी आपल्याकडं बघतंय असं वाटून माणूस वळतो तसा. गाल दिसायला लागला तेव्हा कुंदननं नजर खाली घातली.

जोरात वाटलेलं ते ओसरत गेलं. त्याच्या जागी काय आलं ते त्यानं नीट तपासून पाहिलं, कारण त्याला लाज वाटायला हवी होती. लाज नव्हती. बरं झालं, कोणीतरी गेलं, असं त्याला वाटत होतं. पोरगी हिरमुसली नाही. दिलेलं वचन पाळलं गेलं.

खिडकी मिटली. खाली एक शब्द उमटला.

"उद्या?"

खाली घर रिकामं होतं. जिन्यातल्या नव्या खिडकीतून दुपारचं ऊन पायऱ्यांवर आलं असणार. कुंदननं लिहिलं, "उद्या," आणि पाठवलं. मग पुंजाच्या जहाजातली खुर्ची फार पुढं वाटली, म्हणून त्यानं ती एक खाच मागं घेतली. आता ती त्याला बरोबर झाली.